खिडकीतून सांगितलेलं आडनाव

विद्यापीठाचं पत्र मार्चच्या अखेरीस माझ्या सुनेच्या, बुरुलायच्या फोनवर आलं आणि ते मीच वाचलं. तिचे दोन्ही हात कणकेत होते, म्हणून ती म्हणाली, "अता, तुम्हीच वाचा ना." मी उजेडाकडे सरकलो आणि अक्षराला अक्षर जोडत वाचत गेलो. साथीमुळे राजधानी बिश्केकमधले सगळे वर्ग बंद. वसतिगृह बंद. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरूनच शिकायचं. यापुढे शिक्षण लवचीक राहील, धडे फोनवर मिळतील, आणि ज्याने त्याने ते आपल्या सोयीने, आपल्या वेळेत, जमेल त्या जागी बसून पाहावेत.

'आपल्या सोयीने' हे शब्द मी दोनदा वाचले. फार आवडले मला ते. मी वाचायला शिकलो तेव्हा चाळिशी उलटली होती. बायकोने शिकवलं, ती आता नाही, हिवाळ्यातल्या मेंढवाड्यावर, शेगडीजवळ बसून. इतक्या उशिरा शिकलेल्या माणसाला लिहिलेलं सगळं खरं वाटतं. पत्रात सोय म्हटलंय तर सोय असणारच, असं मी धरून चाललो.

"म्हणजे शाळा आता हिच्या वेळेने चालणार?" माझी थोरली बहीण उमसुनाय कोपऱ्यातल्या गादीवरून म्हणाली. "मग बरंय की. आधी चहा टाक म्हणावं."

पुढचे तीन महिने आमच्या घरात तेच वाक्य चाललं. फक्त चहाच्या जागी कधी नान आलं, कधी साय काढणं आलं, कधी आजारी कोकरू आलं.

बुरुलाय माझ्या धाकट्या मुलाची, कुबातची बायको. नोव्हेंबरात लग्न झालं. फेब्रुवारीत कुबात कामासाठी रशियात गेला आणि सीमा बंद झाल्या तसा तिकडेच अडकला. ती पशुवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला होती, सरकारी जागेवर. सरकारी जागेवर शिक्षण फुकट, पण वर्षअखेरीस एका विषयात जरी घसरलं तरी जागा दुसऱ्याला जाते, आणि पैसे भरून पुढे शिकवायची आमची ऐपत नाही. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. उमसुनायलासुद्धा. ती नोरुझच्या सणाला चार दिवसांसाठी म्हणून शेजारच्या खोऱ्यातून आली होती. पाचव्या दिवशी गावाच्या वेशीवर अडसर पडला आणि ती आमच्याकडेच राहिली. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, त्यामुळे सत्तरीतही मी तिच्यापुढे पोरगाच.

शहरात नऊचा वर्ग म्हणजे नऊचा वर्ग. दार लागतं, आणि आतल्या मुलीला कुणी बादली आण म्हणत नाही. घरात तसं नव्हतं. बुरुलाय खिडकीजवळ बसायची, कारण मोठ्या खोलीच्या त्या एका खिडकीपाशीच इंटरनेट धड चालायचं. चहाच्या वाडग्याला फोन टेकवून ती धडा लावायची. पडद्यावर एक बाई मेंढीच्या आतड्याचं चित्र दाखवत असायची, ती मधेच गोठायची, चाक फिरत राहायचं, आणि तेवढ्यात उमसुनाय म्हणायची, "सूनबाई, ती बाई काही पळून जात नाही. तू उद्याही तिला बघू शकतेस. पण दूध आता उतू चाललंय."

आणि सूनबाई उठायची. मोठं माणूस आत आलं तरी उठायची, बाहेर गेलं तरी उठायची, वाडगं रिकामं झालं तर भरायला उठायची. मी म्हातारा माणूस, दिवसातून वीस वेळा आत-बाहेर करतो. माझ्या एका फेरीला तिचा एक धडा मोडतो, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मला सुचलंही नाही. उलट मीच म्हणायचो, "वेळ तुझीच आहे ना पोरी? मग जरा मेंढ्यांकडे बघून ये."

"हो अता," ती म्हणायची.

जूनमध्ये परीक्षा आली. तोंडी परीक्षा, फोनवर, समोरासमोर चेहरा दिसेल अशी. विषय जनावरांच्या पोटातले कृमी. नियमांचं पत्र आलं ते पहिल्या पत्रासारखं अजिबात नव्हतं. त्यात सोय हा शब्दच नव्हता. ठरलेला दिवस, ठरलेलं मिनिट. खोलीत विद्यार्थ्याशिवाय कुणी नको. सुरुवातीला पासपोर्ट फोनसमोर धरायचा आणि आपलं पूर्ण नाव आडनावासकट मोठ्याने सांगायचं. सगळ्याचं ध्वनिचित्रण होणार आणि ते समितीकडे जाणार.

नाव सांगायचं, हे मी वाचलं आणि पुढे गेलो. बुरुलाय मात्र तिथे थांबली असणार.

तिचं नवं आडनाव माझ्या नावावरून आहे, शेरगाझियेवा. लग्नानंतर कागद बदलायचा आग्रह माझाच होता. घरची सून, घरचंच आडनाव हवं. जानेवारीत तिचा पासपोर्ट बदलला, फेब्रुवारीत विद्यापीठातली नोंद बदलली, मार्चमध्ये वर्ग बंद झाले. आता सून काही सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, मग ते आडनावात का असेना. कुणी विचारलंच तर शेजारी जो असेल तो सांगतो. एप्रिलमध्ये वेशीवरच्या अडसरापाशी परिचारिका ताप मोजून यादी लिहीत होती. तिने बुरुलायला आडनाव विचारलं, बुरुलायने माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं, परिचारिकेने लिहिलं. तिने मानही वर केली नाही. तीसुद्धा कुणाची तरी सून आहे.

परीक्षेच्या दिवशी बुरुलायने आम्हाला दोघांना बाहेर बसायची विनंती केली. उमसुनाय कुरकुरली. "माझ्याच भावाच्या घरातून मला बाहेर? बरंय. लवचीक शिक्षण म्हणजे म्हाताऱ्यांना वाकवायचं."

"एजे, वीस मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. थोरल्या बहिणीला आम्ही एजे म्हणतो.

"मेंढीच्या पोटात काय आहे ते बघायला मेंढी कापावी. फोन कशाला लागतो?"

आम्ही खिडकीखालच्या बाकावर बसलो. खिडकी उघडी होती. आतून एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, शहरी. ही दामिरा सेयितोव्ना, विषयाची प्राध्यापिका.

"पासपोर्ट दिसतोय. आता पूर्ण नाव सांगा."

आत शांतता.

"ऐकू येतंय का? नाव आणि आडनाव. मोठ्याने."

"बुरुलाय," आतून आवाज आला.

"आडनाव?"

पुन्हा शांतता. फार लांब. मला वाटलं पोरगी घाबरली. मग उशिरा का होईना डोक्यात प्रकाश पडला की ती घाबरलेली नाही, ती वाट बघतेय. शेजारी असेल त्याने सांगायचं असतं, आणि शेजारी मी होतो. मी उठलो, खिडकीत डोकं घातलं आणि मेंढ्या हाकताना लावतो तसा आवाज लावून म्हणालो, "शेरगाझियेवा! शेरगाझियेवा बुरुलाय! लिहून घ्या!"

खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं. काम झालं असं वाटलं.

"हे कोण?" दामिरा सेयितोव्नाचा आवाज बदलला. "खोलीत कोण आहे?"

"मी खोलीत नाही," मी म्हणालो. "मी खिडकीत आहे."

उमसुनाय बाकावरून म्हणाली, "नीट सांग, अंगणात आहे म्हणावं. पाय अंगणातच आहेत."

बुरुलायने डोळे मिटले. दामिरा सेयितोव्ना म्हणाली की दुसऱ्या माणसाने उत्तर दिल्यामुळे परीक्षा रद्द होतेय, तिलाही वाईट वाटतंय, पण ध्वनिचित्रण सुरू आहे. मग पडदा काळा झाला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. कृमींचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

त्यानंतर आम्ही विद्यापीठाला फोन लावत बसलो. डीनच्या कार्यालयात कुणी उचलत नव्हतं, कारण कार्यालयही घरूनच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी एका मुलाने उचलला. मागे कुठेतरी त्याचं बाळ रडत होतं.

"लेखी खुलासा पाठवा," तो म्हणाला. "संकेतस्थळावर. कारण निवडा आणि पाठवा."

कारणांची यादी होती. आजारपण. जवळच्या नातेवाईकाचा मृत्यू. वीज नसणे. इंटरनेट नसणे. बुरुलायने चारांपैकी एकही न निवडता खाली मोकळ्या जागेत चार ओळी लिहिल्या. संकेतस्थळाने त्या घेतल्याच नाहीत, आधी कारण निवडा म्हणालं. मी म्हणालो, वीज नव्हती असं टाक. ती म्हणाली, "वीज होती अता. ध्वनिचित्रणात दिवा दिसतोय." मग तिने इंटरनेट निवडलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: इंटरनेट सुरळीत असल्याचं आढळलं, कारण अमान्य. फेरपरीक्षा दहा दिवसांनी. ती एकदाच.

हे दहा दिवस हातात होते. तिची सरकारी जागा या दहा दिवसांवर टांगलेली होती.

मी दामिरा सेयितोव्नाचा नंबर बुरुलायकडून घेतला आणि स्वतः फोन केला. पोरीला न विचारता.

"मी तो खिडकीतला," मी म्हणालो.

पलीकडे हसू आल्यासारखं झालं. "बोला, अताके."

"चूक माझी आहे. पोरीला शिक्षा कशाला?"

"अताके, मला कळलं नाही असं समजू नका. माझी आई शेवटपर्यंत माझ्या आजोबांना 'तिकडचे' म्हणायची. पण ध्वनिचित्रण मी बघत नाही, समिती बघते. आणि समिती बघायच्या आधी यंत्र बघतं. दुसरा आवाज आला की ते लाल खूण करतं."

"तिने नाव लिहून दाखवलं तर?"

"आवाज लागतो."

"माहेरचं आडनाव सांगितलं तर?"

"पासपोर्टशी जुळत नाही."

"मग तुम्हीच म्हणा ना. तुम्ही म्हणा, 'तू शेरगाझियेवा का?' आणि ती म्हणेल 'हो'."

तिने उसासा टाकला. "मी अडीचशे मुलांची परीक्षा घेतेय. एकजण मोटारीत बसून देतोय, एकजण दुकानाच्या गल्ल्यावर. एका मुलीने फोन गच्चीवर धरला होता, पावसात. प्रत्येकाला मी थोडं थोडं सांभाळलं, आणि प्रत्येक वेळी मला खुलासा लिहावा लागला. तुमच्या सुनेला म्हणावं एकदा म्हणून टाक. तुम्ही परवानगी द्या. तुमच्या हातात आहे ते."

ते मला पटलं. संध्याकाळी चहाला मी उमसुनायसमोरच बुरुलायला सांगितलं, "पोरी, तू माझं नाव घे. मी मोकळीक देतो."

उमसुनायने वाडगं खाली ठेवलं. "कुणी दिली मोकळीक?"

"मी."

"तुझं नाव तुझं आहे का? तुझं नाव बापाने ठेवलं. तो गेला. आईने हाक मारली, ती गेली. आता या घरात ते नाव माझ्या तोंडात आहे. मी तुझ्या बायकोच्या तोंडून ते कधी ऐकलं नाही. पन्नास वर्षं संसार केला बिचारीने, एकदा नाव घेतलं नाही. आणि ही एका फोनसाठी घेणार?"

"एजे, फोनसाठी नाही. तिच्या जागेसाठी."

"जागा! इथे बसलीये की चांगली. ही जागा काय कमी आहे?"

बुरुलायने उमसुनायचं वाडगं उचललं, भरलं, दोन्ही हातांनी दिलं आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे मला तिचा आवाज ऐकू आला. गाय बांधलेली होती आणि ती गायीकडे तोंड करून म्हणत होती, "शे... शे..." मग थांबायची. मग पुन्हा, "शे..." मी खोकलो. ती दचकून वळली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, मोठ्या माणसाला नमस्कार करतात तशी. त्या वाकण्याचाच मला राग आला.

"पुरे! वाकू नको. नाव म्हण. मी इथेच उभा आहे. म्हण."

"नाही जमत, अता."

"का? मी सांगितलंय ना?"

"तुम्ही सांगितलंय म्हणून जीभ ऐकत नाही." आणि मग तिचा बांध फुटला. लग्नापासून ती माझ्याशी एका दमात इतकी वाक्यं कधी बोलली नव्हती. "आणि नाव म्हटलं तरी पुढे काय सांगू? मला काही येत नाही. बत्तीस धडे होते. मी अकरा बघितले. पूर्ण असे चारच. बाकीचे अर्धे. वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत होतो, तिथे रात्रंदिवस गोंगाट, पण कुणी मला 'वेळ तुझीच आहे' म्हणत नव्हतं. वर्ग सकाळी आठचा असला की मी आठला असायचे. इथे वर्ग कधीही आहे, म्हणून कधीच नाही. तुम्ही सगळे चांगले आहात. कुणी मला शिकू नको म्हणत नाही. फक्त आधी हे, मग ते, मग अभ्यास. शिक्षण लवचीक आहे ना? मग दर वेळी तेच वाकतं."

मी गायीच्या शेपटीवरची माशी बघत उभा राहिलो. मला वाटत होतं अडचण माझं नाव आहे. अडचण मी होतो, आणि माझा चहा.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"कशाला?"

"राहिलेले धडे बघायला. आठ दिवस आहेत. रोज किती?"

तिने मनात हिशेब केला. "तीन तास. पण सलग हवेत. सकाळी सहा ते नऊ, तेव्हा इंटरनेटवर गर्दी नसते. पण सहाला दूध काढायचं असतं."

"दूध मी काढतो."

ती इतका वेळ रडायच्या बेतात होती, ती हसली. आमच्या गावात पुरुष गायीखाली बसत नाही. मेंढी कापेल, घोडा वठणीवर आणेल, पण गायीखाली नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी कळपातल्या म्होरक्या बोकडाच्या गळ्यातली घंटा काढून मोठ्या खोलीच्या दाराला टांगली. "ही वाजली की तुझा वर्ग," मी तिला सांगितलं. "नऊला पुन्हा वाजेल. मधे दार उघडलं तर माझ्याशी गाठ." बाहेरून कडी लावली आणि बादली घेऊन गायीकडे गेलो.

गायीने मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं म्हणूनच पहिली लाथ घातली. डोक्याला बुरुलायचा रुमाल बांधून पुन्हा बसलो, वासाने फसेल म्हणून. मूठभर दूध आलं. कुंपणापलीकडून शेजारी जापार बघत होता.

"शेरगाझी! लगीन कधी झालं तुझं? रुमाल शोभतो हो!"

"जा की रे. तुझी स्वतःची गाय बघ."

"माझ्या गायीला सून आहे!"

तिकडे उमसुनाय कडी लावलेल्या दारासमोर उभी. "माझा चहा आत आहे."

"चहा मी करतो, एजे. स्वयंपाकघरात ये."

"तुझ्या हातचा चहा? हाताला गोठ्याचा वास येतोय तुझ्या. सगळ्या खोऱ्यात सांगते मी, शेरगाझी दूध काढतो आणि त्याची सून गादीवर बसून पडदा बघते."

"सांग. रस्ते उघडले की जाऊन सांग."

ती खरंच दुखावली. आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पण सहा ते नऊ ती दारापाशी गेली नाही, हेही खरं. मला हात दुखायचे, दूध नेहमीच्या अर्धं यायचं. एका सकाळी वीज गेली आणि तीनही तास वाया. दुसऱ्या सकाळी विद्यापीठाचं संकेतस्थळच बंद, दुरुस्तीचं काम चालू. रोज नऊला घंटा वाजवून मी विचारायचो, "किती झाले?" ती आकडा सांगायची. सत्तावीसवर गाडी थांबली. आठव्या दिवशीही सत्तावीसच.

फेरपरीक्षेच्या सकाळी मी ओढ्यापलीकडे जायचं ठरवलं. माझे कान नसले तर तिला सोपं जाईल. उमसुनायलाही म्हणालो, "चल, वरच्या कुरणापर्यंत फिरून येऊ."

"मी हलणार नाही," ती म्हणाली आणि त्याच बाकावर बसली, खिडकीखाली. रबरी जोडे काढून शेजारी ठेवले. "तू जा."

"एजे, पाया पडतो तुझ्या. तू तिथे बसलीस तर तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"फुटू नये म्हणूनच बसलेय."

वाद घालायला वेळ नव्हता. पोरीकडे खिडकीतून बघितलं. तिने वाडग्याला फोन टेकवला होता, पासपोर्ट हातात, चेहरा पांढरा. मी ओढा ओलांडला आणि पाठ करून दगडावर बसलो. ओढ्याचा आवाज मोठा होता. मला वाटलं काही ऐकू येणार नाही, आणि तेच हवं होतं.

बराच वेळ काही नाही. मग आमच्या घराकडून हलकासा काहीतरी आवाज. मग पुन्हा, थोडा मोठा. आणि मग तिसऱ्यांदा अगदी स्पष्ट, ओढ्यावरून, पाण्यावरून, मेंढरू कड्यावर अडकल्यावर हाक मारावी तसा:

"शेरगाझियेवा! शेरगाझियेवा बुरुलाय!"

मी वळलो नाही. माझ्या घरातल्या बाईच्या तोंडून, आई आणि बहीण सोडली तर, माझं नाव मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

अर्ध्या तासाने जापार घोटाभर पाण्यातून लंगडत माझ्याकडे आला, हातात एक रबरी जोडा.

"तुझ्या बहिणीला वेड लागलंय," तो म्हणाला. "तुझा आरा मागायला आलो होतो. फाटकातून हाक मारणार तेवढ्यात तिने हा फेकून मारला. गुडघ्यावर! तोंडातून शब्द काढला असता तर दुसराही मारला असता. हातात तयार धरला होता."

"तू हाक मारली नाहीस ना?"

"मारू कशी? कळ आली ना!"

मी जोडा घेऊन धावत घरी आलो, माझ्या वयाला जमेल तितका. बुरुलाय दारात होती. "तीनदा सांगायला लावलं," ती म्हणाली, "यंत्राला ऐकू येत नव्हतं." प्रश्न तीन होते. पहिला नेमका मेंढीच्या यकृतातल्या चपट्या किड्याचा. तो पाणथळ जागेतल्या गोगलगायीतून येतो, आणि आमच्या खालच्या कुरणातल्या त्या गोगलगाई तिने मेंढ्या हाकताना स्वतः बघितल्या होत्या. तेवढं सांगताना दामिरा सेयितोव्नाने तिला थांबवलं नाही. दुसरा बरा गेला. तिसरा अठ्ठाविसाव्या धड्यातला होता.

संध्याकाळी गुण आले. पाचपैकी तीन. पास. जागा राहिली.

मी जोडा उमसुनायपुढे ठेवला. तिने पायात घातला, बघितलंही नाही. "जापार हाक मारणार होता," मी म्हणालो.

"मला काय माहीत. कुत्रं आलं वाटलं."

"एजे, तू ऐकलंस ना? तिने घेतलं नाव."

"ऐकलं. तीनदा. बहिरी असते तर बरं झालं असतं." तिने दुसरा जोडाही चढवला. "आठवडाभर तू गायीखाली बसलास, आणि हिने तीनदा तुझं नाव ओरडून सांगितलं. आता मी इथे काय राखायला बसू?"

त्याच आठवड्यात अडसर निघाला. ती गाठोडं बांधून गेली. बुरुलायने निरोपाला नान आणि साय बांधून दिली, ती उमसुनायने घेतली, बुरुलायच्या कपाळावर ओठही टेकले, पण बोलली नाही. जुलैत आजार आमच्या खोऱ्यात उतरला आणि पुन्हा कुणी कुणाकडे जाईना. ती बरी आहे असा निरोप येतो. ती स्वतः येत नाही.

सप्टेंबरात विद्यापीठ उघडेल असं वाटलं होतं. उघडलं नाही. नवं पत्र आलं, ते मी वाचलं, पण या वेळी उजेडाकडे सरकलो नाही. शिक्षण लवचीकच राहील, मात्र गेल्या वर्षी फार मुलांनी धडे पाहिले नाहीत, म्हणून आता प्रत्येक तासाला ठरलेल्या वेळी हजेरी. पासपोर्ट दाखवायचा आणि पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. दिवसाला सहा तास.

पहिल्या सकाळी मी घंटा वाजवली, कडी लावली आणि बाकावर बसून वाट बघितली. आठला आतून आवाज आला, "शेरगाझियेवा." आता तिची जीभ अडखळत नव्हती. यंत्राला ऐकू गेलं नाही, तिने पुन्हा सांगितलं. मग पडदा गोठला. चाक फिरत राहिलं ते तास संपेपर्यंत. नऊला पुन्हा नाव, पुन्हा चाक. दहाला प्राध्यापकाचाच आवाज नाहीसा झाला. कुंपणापलीकडून जापार ओरडला, "शेरगाझी, तुला तुझी सून केव्हाची बोलावतेय, जात का नाहीस?"

दुपारी दोनला शेवटचा तास संपला आणि बुरुलाय बाहेर आली.

"काय काय झालं?" मी विचारलं.

"हजेरी लागली, अता. सहाही तासांची."

"आणि धडा?"

तिने नकाराची मान हलवली. गाय हंबरत होती. तिची दुपारच्या दुधाची वेळ कधीच टळून गेली होती. बुरुलायने बादलीकडे हात नेला, तेव्हा मी ती आधी उचलली, रुमाल डोक्याला बांधला आणि तिला म्हणालो, "आत जा. पुन्हा लावून बघ."